कुंपणापाशी थांबलेलं गाणं

जोहान्सबर्ग, १० डिसेंबर १९८७

ती. तोवेराताईस सा. न. वि. वि.

खाणीतून यंदाही रजा नाही. तुझ्या खुम्बोच्या मातीला येता आलं नाही, आता नाताळलाही नाही. तू दोन घास टाळतेस असं कळलं. लहानपणी माझ्या ताटातलं ओढून खाणारी तू, तुला हे शोभत नाही.

यंदा आपल्या घरी नाताळ नको. तरणाताठा मुलगा सरोवरात बुडून गेला, त्या घरात कसला आनंद? आणि त्याच्या त्या मित्राला, लुम्बानीला, दारात उभं करू नकोस. दोघं एकाच होडीत होते. हा काठाला लागला, आपलं पोर राहिलं.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
वोंगानी

उसिस्या, २७ डिसेंबर १९८७

चि. वोंगानीस अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं नाताळच्या सकाळपर्यंत पाळलं. चूल पेटवली नाही, देवळात गेले नाही. बायका दरवर्षीसारख्या घरोघर गात आल्या आणि माझ्या कुंपणापाशी गप्प झाल्या. माझ्या दुःखाचा मान राखून पावलं न वाजवता पुढे गेल्या. वोंगानी, खुम्बो गेल्यापासून इतकं एकटं मला वाटलं नव्हतं. येशू सगळ्यांच्या घरी जन्मला नि माझं दार तेवढं टाळून गेला, असं वाटलं.

त्यांच्यामागून लुम्बानी आला. हातात आईनं दिलेलं भाताचं पातेलं. पोर वाळून काटकी झालंय. म्हणाला, की मावशी, भात ठेवतो नि जातो, सणाच्या दिवशी तुम्हांला माझं तोंड नको. मी म्हटलं, की आधी बस, आणि काय झालं ते सांग. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं, नुसते बघत होते सगळे. होडी उलटली तेव्हा खुम्बोचा हात त्याच्या हातात होता. लाटेनं सोडवला. हा बुड्या मारत राहिला, शेवटी कोळ्यांनीच याला ओढून काढलं. देवळात आनंदाची गाणी लागली की जिवंत असल्याची लाज वाटते, म्हणाला.

मी म्हटलं, की वेड्या, त्या रात्री मेंढपाळही भ्यालेलेच होते. देवदूतानं आधी भिऊ नका म्हटलं, मग आनंदाची बातमी दिली. ती हसऱ्या घरांसाठीच असती तर देवाला गोठ्यात यायची काय गरज होती? सांगत होते त्याला, पण मलाच ते ऐकायचं होतं.

मग गाणं मीच धरलं. दुसऱ्याच ओळीला अडले. लुम्बानीनं खालचा सूर उचलला, खुम्बो गायचा तो. बायका रस्त्यावरून परत फिरल्या. अंगणात सगळ्या गायल्या, रडल्या. दुःख तसूभर कमी झालं नाही रे. पण त्या दुःखात माझ्याजवळ कुणीतरी येऊन बसलं. रागवायचं तर खुशाल रागव, पण लिही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

जोहान्सबर्ग, २० जानेवारी १९८८

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून रागावलो, उशीखाली ढकलून दिलं. रविवारी प्रार्थनेत कुणीतरी खालचा सूर धरला आणि मी उठून बाहेर गेलो. खुम्बोची बातमी कळल्यापासून रडलो नव्हतो. भिंतीला टेकून रडलो.

ईस्टरला रजा मिळेल, असं मुकादम म्हणतो. आगबोट सरोवरात दूरच थांबते, आपल्या काठाला लागत नाही. लुम्बानीला सांग, होडी घेऊन मला न्यायला त्यानंच यावं. दुसऱ्या कुणाच्या होडीत मी बसणार नाही.

तोवर असाच जीव लावत राहा.

तुझा,
वोंगानी