काट्यावर चढलं की रवाना

सोमवार
नोकरी लागली एकदाची! परदेशी निघालेल्यांच्या पेट्या-बॅगा जपायच्या आणि मालाच्या जहाजाने पाठवायच्या. कोठी लख्ख, राहायला वर खोली. काटेवाले काका भलते प्रेमळ. त्यांचा नियम एकच: काट्यावर चढलं त्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठी लागली ते रवाना. एकदा चढलं ते माघारी द्यायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत हौसेने मीच काट्यावर चढलो. चौसष्ट किलो! सासरे म्हणतात, जावयाला वजन नाही. आता पुरावा दाखवीन. काकांनी हसत हसत चिठ्ठी लिहून माझ्या मनगटाला बांधली. बायकोला लगेच पत्र टाकलं, की शुक्रवारी ये, आधी सरळ कोठीवरच ये.

मंगळवार
अंघोळीआधी चिठ्ठी तोडून टाकली, तर काका दिवसभर बोलले नाहीत. रवानगीच्या वहीत माझा नंबर आहे: चौसष्ट किलो, शनिवारचं जहाज. थट्टाच असणार. दुपारी पेट्या करणारा मिस्त्री टेप घेऊन आला, माझी उंची मोजली आणि गुडघे दुमडून किती भराल, असं विचारून गेला. मी हसलो.

बुधवार
मागच्या रांगेत एका पेटीखालून काळपट ओघळ आला होता. लोणच्याची बरणी फुटली असेल म्हणून झाकण उचकटलं. आत माणूस. गुडघे उलटे मोडलेले, मान मुरगाळून पोटाशी दाबलेली. अंगात माझ्यासारखाच कोठीचा सदरा. मनगटाला चिठ्ठी. दाराकडे धावलो. दाराला बाहेरून कडी आहे. मिस्त्री येतोय, हातात—

गुरुवार
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची बोटं ठेचली. मिस्त्रीचा पहिला हातोडा जबड्यावर, ओरडू नये म्हणून. मग गुडघे. काका उशाशी बसून पाणी पाजत होते. म्हणाले, रक्त सांडू नकोस बाळा, चौसष्ट भरायला हवेत.
बायको उद्या येणार. मीच बोलावलंय. देवा, तिला ताप येऊ दे, गाडी चुकू दे—

शुक्रवार
पेटीत. झाकण अजून ठोकलेलं नाही. फटीतून काटा दिसतो.
आली. लाल बॅग. माझी चौकशी करतेय. काका म्हणाले, येतीलच इतक्यात.
बॅग काट्यावर ठेवली. उतरवली.
डोकं आपटतोय. काका म्हणाले, उंदीर झालेत फार.
जीभ वळत नाही. नुसतं रक्त—
काका सांगतायत, तुमचे यजमानसुद्धा पहिल्या दिवशी हौसेने चढले होते.
ती हसली. चपला काढल्या.
नको. नको गं. एक पाय—