मामाची पिशवी

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नव्हता, सवयीने लिहिलं. काल हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर तू दिसलास. सरकारी धान्यवाटप बंद करायचं की नाही, ते ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षमहाराज! कोट छान होता. माझ्यासोबतच्या बायका कौतुकाने बघायला लागल्या आणि तू तोंड उघडलंस. फुकटचं खाऊन माणसं ऐतखाऊ होतात म्हणालास. आमच्या आईने लोकांचे जिने पुसले, पण सरकारपुढे कधी हात पसरला नाही. अडीनडीला आमचा मामा धान्य पाठवायचा, म्हणालास. त्या बायकांपैकी निम्म्याजणी त्याच धान्यावर पोरं वाढवतायत. नंतर दिवसभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

अरे शहाण्या, एवढा शिकलास, पण आईला भाऊच नाही हे तुझ्या डोक्यात कधी आलं नाही? घरात त्याचा एक फोटो नाही, तुझ्या लग्नालासुद्धा तो फिरकला नाही. शाळेत पोरं सरकारी पिशवीवरून चिडवायची आणि तू रडत घरी यायचास. म्हणून आई शिक्का आत जाईल अशी पिशवी उलटी करून त्यात धान्य भरायची आणि मामाने पाठवलं म्हणून सांगायची. तू पिशवीभोवती नाचायचास, मामाला गोड बिस्किटं पाठवायला सांग म्हणून हट्ट करायचास. मी तिच्यासोबत रांगेत उभी असायचे, मला सगळं माहीत होतं. तिने गप्प राहा म्हटलं, मी राहिले.

एका हिवाळ्यात मामा आजारी पडला होता, आठवतं? वाटप बंद पडलं होतं तेव्हा. मामा बरा होऊ दे म्हणून तू रोज हात जोडायचास. आई आपल्या दोघांना वाढून भूक नाही म्हणायची आणि पातेलं खरवडून त्यात पाणी घालून प्यायची. जिन्यात चक्कर येऊन पडली, पुढचा दात गेला. पाय घसरला असं तू अजून सांगतोस. मामा बरा झाला म्हणून आपण जगलो, आणि तू त्याच्याच गळ्यावर सुरी ठेवायला निघालास. लाज वाटते मला तुझी. आईचं आणि माझं घर आजही त्याच पिशवीवर चालतं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस.

तुला समजावण्यासाठी मी शाई वाया घालवली नसती. आईने लिहायला लावलं. टीव्हीवरचं सगळं ऐकून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, त्याला आधी कळव, चारचौघांत एकदम नको, पोर आहे माझं. तुमच्या समितीच्या सुनावणीला कुणीही येऊन बोलू शकतं म्हणे. मंगळवारी ती येणार आहे, पुढच्याच रांगेत बसणार आहे. मांडीवर पिशवी असेल. या वेळी ती उलटी केलेली नसेल.

तुझीच, मंगळवारपर्यंत तरी,
ताई