लिंडनरसाहेबांचं वाकणं

टोकियो, शुक्रवार संध्याकाळ

अहो,

आइझूत आता चांगलीच थंडी असेल. सासूबाईंचा खोकला कसा आहे? मी मजेत आहे, नीट जेवते, काळजी नको.

आज प्रदर्शनात ते जर्मन व्यापारी आले, लिंडनर. मला पहिल्यापासूनच संशय. माझं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, खिशात न कोंबता समोर ठेवलं. भेट दिली तर अगदी आपल्यासारखी न उघडता बाजूला ठेवली. आणि वाकले असे, की तुमचा भाऊ स्वतःच्या लग्नात तसा वाकला नव्हता! परक्या माणसाला एवढं कशाला हो लागतं?

शेजारच्या गाळ्यातल्या ओनुमाबाईंना मी हळूच म्हटलं, "हा माणूस काहीतरी लपवतोय."

"तुला काय, कुणी गोड हसलं तरी संशय येतो," त्या म्हणाल्या.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, परदेशी माणूस बरा, हो की नाही ते तोंडावर सांगतो. ही ऑर्डर मिळाली तर कारखान्याला वर्षभर काम. म्हणून धीर करून तुमचे लाखेचे वाडगे पुढे केले, किंमत सांगितली.

त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरून पाहिला. मान तिरकी केली, दातांमधून हवा आत ओढली आणि चक्क आपल्या जपानीत म्हणाले, "विचार करून कळवतो."

अहो, तुमच्या बहिणीला आलेलं ते स्थळ आपण ह्याच शब्दांत परत पाठवलं होतं! मेला आपला नकारसुद्धा शिकून आला होता.

सासूबाईंना सांगा, साहेब विचार करतायत. नको, नको, त्यांना लगेच कळेल. वाडगे आवडले, एवढंच सांगा.

तुमची,
साचिए