संमती गृहीत धरून

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. भाषणात मावत नाही ते इथे लिहायचं. ठराव: कमी बोलायचं.
काल मरोद्याच्या विहारात भैयालालच्या मुलीच्या लग्नात बोललो. विषय, संमती. लग्न म्हणजे दोघांची मर्जी, तिथे सरकारचा शिक्का कशाला? टाळ्या भरपूर. जेवण थंड झालं, पण विषयच मोठा होता.
उदाहरण स्वतःचंच दिलं. मी इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर, चंपा विधवा. नऊ वर्षं तिच्या घरात सोबत राहतो. ना विहार, ना कोर्ट. चंपा मागच्या रांगेत होती. तिने मान खाली घातली. अभिमानाने.

११ जून
चंपाच्या पोटात पुन्हा कळ. डॉक्टर म्हणतो पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन लांबवू नका. लांबवायचं कशाला? माझा मेडिक्लेम आहेच.

१३ जून
मेडिक्लेमच्या खिडकीवरचा म्हणतो, पत्नीचं नाव टाकायला मॅरेज सर्टिफिकेट लागेल. त्याला पाऊण तास समजावलं. रांगेतल्यांनीही ऐकलं. एकजण म्हणाला, "काका, आप बैठ जाइए." लोकांत अजून आदर आहे.
ठराव: झुकणार नाही. सरकारने माझ्या आजारात लक्ष घालावं, माझ्या घरात नाही. याचं पत्रक छापायचं.

१४ जून
चंपाची मुलगी साक्षी आली होती. नेहरू नगरात कोचिंगमध्ये शिकवते. म्हणाली, "काका, एक साइन ही तो है. आईले कावून गोळ्यांवर ठेवून राहिले?" तिला सांगितलं, हा सहीचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. तर म्हणते, "तत्त्व तुमचं, खडे आईचे."
नवी पिढी वाचत नाही.
चंपाला विचारलं नाही. तिचं मत मला ठाऊक आहे.

२० जून
चंपाला झोप लागली नाही. पोट धरून उकिडवी बसली होती. कण्हली नाही, खंबीर बाई. मी पत्रकाचं प्रूफ तपासलं. दोन चुका सापडल्या.

२१ जून
मोठा निर्णय. चंपासाठी तत्त्वाचा त्याग करतो आहे. कोर्टात लग्न. इतिहासात असे त्याग कमीच. चंपाला आधी सांगणार नाही. सरप्राइज.

२४ जून
दुर्गला कलेक्टोरेटमध्ये जाऊन आलो. माझे फोटो, माझं आधार, कपाटातून काढलेलं तिचं आधार, सगळं होतं. बाबूने विचारलं, "दूसरी पार्टी कहाँ है?" म्हटलं, घरी आहे, तिची संमती आहे. "आपको कैसे मालूम?" म्हटलं, इतकी वर्षं सोबत आहोत. तर म्हणतो, "दादा, उनके मुँह से सुनना पड़ता है."
आता सरकार मला संमती शिकवणार. बाबूचं वय तिशीच्या आतलं असेल. मला बोलायचं होतं, पण त्याने पुढच्याला बोलावलं.
संध्याकाळी चंपाला सांगितलं, उद्या दुर्गला चल, लग्न करायचं आहे. ती भेंडी चिरत होती. न थांबता म्हणाली, "कोनाचं?"

२५ जून
दगा.
चंपाने सरकारी आरोग्य कार्ड काढलं आहे. गरिबांच्या राशनकार्डावर ती कुटुंबाची मुखिया, आणि कुटुंबात ती एकटी. साक्षीचं नाव लग्नानंतर सासरी गेलं. माझं नाव नाही, कारण मीच ते कुठल्याही सरकारी कागदावर लावू दिलं नव्हतं. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन ठेवली. येता सोमवार.
पावर हाउस वस्तीत माझा जुना मित्र फकिरा राहतो. त्यानेच तिला कार्डासाठी रांगेत उभं केलं. काल दुपारी माझ्यासोबत चहा प्यायला, एक शब्द बोलला नाही.
चंपाला म्हटलं, ते कार्ड राहू दे, मी लग्नाला तयार आहे. म्हणाली, "आता लगन केलं त पेन्शनवाल्याची बायको होईन. कार्ड कटन माहं. मले नाही परवडत."
मग जेवणाचं ताट सरकवत म्हणाली, "लगन नाही करायचं हे तुमीच ठरवलं होतं. मले विहारात जायचं होतं. साडी घेऊन ठेवली होती मी, लगनाची, पांढरी."
इतकी वर्षं हे माझ्यापासून लपवलं. विश्वासघात याहून वेगळा काय असतो?

१ जुलै
ऑपरेशन झालं. नर्सने खडे बाटलीत घालून दाखवले. चांगलेच मोठे. फकिरा बाहेर बाकावर बसला होता. त्याच्याशी बोललो नाही. त्याने आणलेला डबा खाल्ला.
ठराव: चंपाला माफ करायचं. योग्य वेळी, थोडक्यात प्रस्तावना करून.

८ जुलै, दुपारी
कार्डवाल्यांच्या चौकशीला एक मॅडम घरी आली. चंपा खाटेवर. मी लुंगीवर, हातात तिच्यासाठी केलेली पेज.
"घर में कितने लोग रहते हैं?"
"अकेली," चंपा म्हणाली.
मॅडमने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "और ये?"
"मेहमान."
मी घसा साफ केला. सरकार, घर आणि उंबरठा, यावर मुद्दे तयार होते. सुरुवातीचं वाक्यही जुळलं होतं.
मॅडम म्हणाली, "कब तक रुकेंगे?"
मी चंपाकडे पाहिलं.
तिने पेजेचा घोट घेतला. "देखते हैं," म्हणाली.