झांबोरा बेटाचं सरकार

३ मार्च, सोमवार
आज चूक झाली. म्हणजे चूक नाय, नळ बघायला गेलते. वरच्या खोलीतली भाडेकरू दीपमाला ऑफिसला गेली, मग माझ्याजवळच्या चावीनं कुलूप काढलं. नळ ठीक होता. टेबलावर तिनं काढलेलं कॉमिक दिसलं. पोरगी यवतमाळची. कंपनीत चित्रं काढते, घरी येऊन परत चित्रंच. चार पानं वाचली. बरं नाय हे. परत जाणार नाय.

४ मार्च
नळ परत बघितला.
झांबोरा नावाचं बेट हाय. चारी बाजूंनी समुद्र, प्यायला थेंब नाय. पाण्याची चावी एकट्या ‘सरकार’च्या कमरेला. सरकारला लोखंडी मुखवटा, बाई का बाप्या कळत नाय. रात्री दहाला बेटाचं फाटक बंद. सरकारनं जोक केला की सगळ्यांनी हसायचं. हसला नाय त्याचं पाणी बंद. विजवंती नावाची सुपरहिरो विमान उचलते, पण सरकारपुढं मान खाली.
लगेच ओळखलं. आमचे हिंमतराव भाऊजी! अख्ख्या धायरीत फ्लेक्सवर यांचाच फोटो, इलेक्शनला उभं राहायचंय. धाकटे दीर असून मला हुकूम सोडतात.
कोणाला सांगायचं नाय. शपथ.

४ मार्च, संध्याकाळ
भाऊजींना सांगितलं.
पाण्याची मोटर बंद करत होते (अर्धा तास बास, नाहीतर भाडेकरू माजतात), तेवढ्यात ते आले. फोटो कसा आलाय विचारायला लागले. म्हणलं, भाऊजी, तुमचं राज्य तर झांबोऱ्यात कधीच सुरू झालंय, वरच्या पोरीनं कॉमिक काढलंय तुमच्यावर! चिडले की त्यांचे कान लाल होतात, मला तेवढंच बघायचं होतं. झाले लाल. पण म्हणाले, इलेक्शनच्या तोंडावर हे चालणार नाय वहिनी, पोरीला खोली खाली करायला सांगा.
मी नुसती गंमत केलती.

६ मार्च
दीपमालाला थालीपीठ दिलं, लोणी जास्त घातलं. सगळं सांगणारच होते. तीच म्हणाली, काकू, काही काम होतं का? म्हणलं, खा बाई, नाहीतर पंखा लावला की उडून जाशील. हसली. गुणी पोरगी, माझ्या प्रत्येक जोकला हसते. हिला जाऊ द्यायची नाय. उद्या सांगणार.

७ मार्च
सांगितलं नाय. त्या टेन्शनमध्ये मोटरच लावायची राहिली.
कॉमिकमध्ये नवीन पान. सरकार विजवंतीला थालीपीठ देतं. भाऊजींनी कोणाला थालीपीठ दिलेलं मी बघितलं नाय. मनात असेल.

९ मार्च, रविवार
भाऊजी स्वतःच वर चढले. मी मागं, कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरून. म्हणाले, दाखव बघू माझं काय काढलंयस. दीपमाला घाबरली. काका, तुम्हाला कसं माहीत, म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी नळाकडं.
भाऊजींनी चष्मा लावला. चावी वाचली, फाटक वाचलं, थालीपीठ वाचलं. मग खाटेवर बसून डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, वहिनी, यात मी कुठंय?
दीपमाला म्हणाली, सॉरी काकू. महिनाअखेर मी खोली सोडते.
कान गरम झाले. माझे.

१० मार्च
ठरवलं. मोटर सगळ्यांसाठी चालू. दीपमालाच्या खोलीची चावी तिच्याच दाराला टांगली. रात्री दहाला लावते ते फाटक सताड उघडं. पहाटेच दीपमालाला म्हणलं, जाऊ नको गं, नळ बघायला परत येणार नाय. म्हणाली, पाहते काकू.
आठ वाजता टाकी वाहिली. जिना, पार्किंग, सगळीकडं पाणी. भाडेकरू चपला हातात घेऊन उभे. मी पदर खोचून धावले. तोंडातून निघून गेलं, घ्या, आता खरंच बेट झालं!
सगळे हसले. एकदम. त्यांना बेटाचं काय माहीत? तरी हसले. सगळ्यात आधी दीपमाला.
माझा हात मोटरच्या बटणावर होता.
टाकी भरलेली म्हणून. दुसरं काय नाय.