कबुलीचा पेढा

ती. गहिनीनाथमामांना शिर्डीहून वैजनाथचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी आणि म्हैस दोघी बऱ्या असतील असं धरून चालतो. परवा तुम्ही फुलं उतरवायला आलात तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही "काय रं?" म्हणालात आणि मी "काय न्हाई" म्हणून मोकळा झालो. म्हणून लिहितोय.

तुम्ही मालकांचा टेम्पो चालवता म्हणून मला लॉजवर काम मिळालं. पगार चौदा हजार, तुमच्यासमोर ठरला. (पहिला पगार अजून व्हायचाय.) त्याच जोरावर मी आईला म्हणालो, औंदा ऊस तोडायला जाऊ नको. ती दोनदा "खरं का?" म्हणाली आणि कोयता माळ्यावर टाकून आली.

तर गेल्या गुरुवारी मालकांनी सगळ्यांना बाबांच्या फोटोसमोर बोलावलं. मी गच्चीवर चादरी काढत होतो, तेवढ्यात विमान आलं. (खालून अगदी बगळ्यासारखं दिसतं, मामा.) ते उतरेपर्यंत बघत राहिलो. खाली आलो तर मालक पेढे वाटत होते आणि सगळे मान खाली घालून खात होते. मला वाटलं, मालकांच्या राजेश्वरीचं लग्न ठरलं. मी एक खाल्ला, "कधीची तारीख?" विचारलं आणि दुसरा मागून घेतला. मालक हसून म्हणाले, "ह्याच महिन्यापासून."

चादरी धुणाऱ्या राहीबाईनं जिन्यात गाठलं. "मुडद्या, कबुलीचा पेढा हुता त्यो! गिऱ्हाईक न्हाई म्हनून तुजा पगार आता दहा हजार. खाल्ला त्यानं मान्य केलं." तिनं स्वतःचा पेढा फोटोपुढं परत ठेवला होता. आपल्याकडं सोयरीक असो का बैलाचा सौदा, पेढा तोंडात गेला की माणूस मागं फिरत नाही. मी तर दोन खाल्ले.

मग तिनंच मला एसटीत कोंबलं. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टर नगरच म्हणतो) कामगार कचेरीत गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं, पेढ्याचं मी जरा लांबवलं तरी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ठरलेला पगार मालकाला एकट्याच्या मर्जीनं कापता येत नाही आणि पेढा म्हणजे काही संमती नव्हे. "पण चौदा ठरले होते हे कोण सांगेल?" मी त्यांच्या पंख्याचं वाकडं पातं बघत बसलो.

बाकी ठीक आहे. जेवण वेळेवर मिळतं. मामीला नमस्कार.

तुमचा,
वैजनाथ

ता.क. : सांगणारे तुम्हीच आहात, मामा. मॅडमनी सोमवारी बोलावलंय, नगरला येऊन चौदा ठरले होते एवढं बोलाल का? टेम्पो मालकांचा आहे आणि तुमचं घर त्यावर चालतं, हे लिहिताना मला कळतंय.

आणखी ता.क. : नाही जमलं तरी मी रुसणार नाही. मग एवढंच करा. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गावात येईल तेव्हा आईला पुढं ड्रायव्हरजवळ बसवा. मागं बसून तिची कंबर धरते आणि ती कुणाला सांगत नाही.