धुळ्याचा दगड

प्रिय सुनंदा,

आशीर्वाद. अक्षर माझंच आहे, दुसरीपर्यंतचं, लावून वाच. तुझी कुंदा इथं उंच होत चाललीय, परकर पुरत नाही. तू माहेरी शिंदखेड्याला, आणि रतिलालचं स्थळ इतके दिवस पंचांनी अडवलेलं.

परवा तुझ्या धाकट्या दिराला, लोटनला घेऊन धुळ्याला गेले होते. ब्रह्मदेशाच्या लढाईत ज्यांची प्रेतं ओळखता आली नाहीत, त्यांचं स्मारक उभारलंय, आयांनी यावं, असा निरोप होता. आम्हा म्हाताऱ्यांना उन्हात बसवलं, पुढारी मांडवात. दगडावर वरती ‘अनामिक वीर’, आणि खाली देणगीवाल्यांची नावं, बोटभर जाड. किळस आली बाई. मेलेल्याला नाव नाही, अन् तेलाच्या गिरणीवाल्याला आहे! मागच्या अंगाला कोणीतरी तंबाखू थुंकलेला. मी पदरानं पुसत होते, तर एक टोपीवाला म्हणतो, आजी, फोटोला पुढे या. मी विचारलं, खाली कोण पुरलंय रे? म्हणे, कोणीच नाही, मानापुरतं आहे. माझा धनसिंग अनामिक? त्याच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, गावभर घुगऱ्या वाटल्या, आणि हे म्हणे नाव नाही! हार तिथंच पायरीवर टाकला.

आपले पंच रुपचंद नाना तिथं पेढा खात होते. सरकारनं ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं, म्हणून याच माणसानं तुला बारा वर्षं ना सवाष्ण, ना विधवा ठेवलं. प्रेत नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळते म्हटलं, तर म्हणायचा, पानं म्हणजे काय माणूस शे? येताना मोटारीत सगळ्यांदेखत विचारलं, नाना, आत कोणी नसलेल्या दगडाला हात जोडलेत ना? मग माझ्या पुतळ्यानंच काय घोडं मारलंय? म्हणे, अक्का, ते बठ्ठं सरकारी काम शे. मी म्हटलं, आणि पेढा? तो घरचा होता वाटतं! मोटार हसली. उतरताना नानांनीच पुतळा कधी जाळणार ते विचारलं.

काल ओढ्यावर पुतळा जाळला. धनसिंगचं नाव घेऊन लोटननं अग्नी दिला. नाना आले, पंचांनाही घेऊन आले. आता तुझ्या पाटाला, दुसऱ्या लग्नाला, कोणाची आडकाठी नाही. तू इकडे येऊ नकोस. तुझं कुंकू पुसायला बायका टपून बसल्यात. रडायचं ते आईजवळ रडून घे. सुतक फिटलं की रतिलालला होकार कळव. पाट लागला की पोर पहिल्या सासरीच राहते, अशी आपल्यात रीत. पण कुंदाची पेटी मी भरलीय. लोटन तिला तुझ्याकडे आणून सोडेल. मी मोटारीपर्यंत येणार नाही. गुडघे दुखतात.

तुझीच,
धुरपदाबाई